सामायिक पाळणाघर का नाही?

महाड औद्योगिक वसाहतीत ठेक्यावर सफाईकाम करणारी पोलादपूरकडची एक मैत्रीण परवा मला म्हणाली, "ताई, धाकटा दीड वर्षाचा. थोरलीला चौथीतून काढून घरी बसवली." गावात अंगणवाडी आहे, पण तिथला वर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांचा, आणि तोही दुपारी सुटतो. आईची ड्यूटी सुटते संध्याकाळी.

1948 च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्री-कामगार असल्या तरच पाळणाघर सक्तीचं होतं. म्हणजे मूल फक्त बाईचं! 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पुरुष धरून 50 कर्मचारी असा हिशेब आणला, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायम ठेवला. हे स्वागतार्हच. पण कामगार चार ठेकेदारांत विभागले, की प्रत्येकाची गणती पन्नासच्या आत दाखवता येते आणि मूल कुणाच्याच हिशेबात राहत नाही.

वाट कायद्यातच आहे. पाळणाघर अनेकांनी मिळून, सामायिकही चालवता येतं. महाडच्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. मग मुलांसाठी का नको? वसाहतीजवळ, पण रसायनांच्या वासापासून दूर. ड्यूटीच्या वेळा पाळणारं. ठेक्यावरच्या बाईलाही खुलं. आणि सांभाळणारीला मानधन नव्हे, वेतन देणारं.

मैत्रिणींनो, ही मागणी 'बायकांचा प्रश्न' म्हणून बाजूला पडू देऊ नका. युनियनच्या मागणीपत्रकात पगारवाढीच्या शेजारी ती लिहायला लावूया. थोरलीची शाळा त्यावर अडली आहे.