पावलांचा हिशेब

भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ मुलूख. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हे हेच नाव आहे. येथे तोरणा आहे, राजगड आहे, रोहिडा आहे आणि रायरेश्वराचे पठारही आहे. सुमारे 1400 मीटर उंचीच्या तोरण्यावर जो न थांबता चढून जातो, त्याची वाहवा होते. जो वाटेत बसतो, त्याची थट्टा होते. अशा मुलखात माणसाची योग्यता त्याच्या पायांवरून ठरविण्याची सवय लागावी, यात नवल नाही. मलाही ती सवय होती आणि तिने माझ्या हातून एक चूक घडविली. ती चूक आधी सांगतो. माझे मत नंतर मांडतो.

1988 सालची गोष्ट. मी तेव्हा शिक्षक होतो. माझ्या वर्गात पोलिओने पाय अधू झालेला एक मुलगा होता. तो कुबडीच्या आधाराने शाळेत येई. त्या वर्षी आमची सहल नसरापूरजवळील बाणेश्वर आणि भाटघरचे धरण पाहावयास जाणार होती. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "पोराचे हाल होतील. त्याला घरीच राहू द्या." वडिलांनी मान डोलावली. मुलाला मात्र मी काहीच विचारले नाही.

सहलीच्या दिवशी तो पहाटेच शाळेपाशी आला. बरोबर आणलेल्या दशम्या त्याने आपल्या मित्राच्या हाती दिल्या आणि एस.टी. वळणाआड जाईपर्यंत तो तेथेच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "गुरुजी, धरणाचे पाणी केवढे दिसते?" मी त्याला मोठे रसभरीत वर्णन ऐकविले. आम्ही काही गड चढावयास गेलो नव्हतो. थोडी सोय केली असती, तर तोही आला असता, हे माझ्या ध्यानात पुष्कळ वर्षांनी आले.

तोच विद्यार्थी आज पुण्यात घड्याळे दुरुस्त करतो. गेल्या हिवाळ्यात तो मला भेटावयास आला आणि आग्रहाने एका मोठ्या मनोरंजन-उद्यानात घेऊन गेला. बरोबर त्याची पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी होती. तो स्वतः एका लहानशा विजेच्या स्कूटरवर बसला होता. मोबिलिटी स्कूटर असे तिचे नाव. ही रस्त्यावर धावणारी दुचाकी नव्हे. हिला तीन किंवा चार चाके असतात, वर खुर्चीसारखी बैठक असते, पुढे वळविण्याचा दांडा असतो आणि खाली बॅटरी. बॅटरी रात्री घरच्या विजेवर भरून ठेवावयाची. दांड्यावरील कळ दाबली की गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते; कळ सोडली की थांबते.

मुलीला फिरत्या लाकडी घोड्यांच्या चक्रात बसावयाचे होते. तेथील रांगेचे लोखंडी कठडे इतके अरुंद होते की, स्कूटर त्यांत शिरेना. तेव्हा मायलेकी रांगेत उभ्या राहिल्या आणि तो बाहेर थांबला. त्यांची पाळी येताच तेथील सेवकाने त्याला बाजूच्या फाटकातून आत घेतले. तो स्कूटरवरून उठला, खांबाला धरून आठ-दहा पावले चालला आणि मुलीशेजारी जाऊन बसला. इतक्यात रांगेतून आवाज आला, "पाय तर चांगले आहेत की! रांग चुकवायला गाडी आणली वाटतं!" दोघे-तिघे हसले. मुलीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "बाबा, आपण घरी जाऊ या."

तो तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिला. पुढे झाडाखाली बसलो असता तो मला म्हणाला, "गुरुजी, माझ्या पायांत दिवसाला थोडीच पावले असतात. ती फाटकापासून तिकिटाच्या खिडकीपर्यंतच खर्च केली, तर मुलीजवळ जाऊन बसायला एकही उरत नाही. म्हणून ही गाडी."

मुलांनो, या एका वाक्यात किती मोठा विचार आहे! जो दहा पावले चालू शकतो, तो दहा फर्लांग चालू शकेलच असे नाही. पोलिओतून वाचलेल्या कित्येकांचे स्नायू उतारवयाकडे झुकताना पुन्हा दुबळे होतात. कोणाचे हृदय थकलेले असते, कोणाला दम लागतो, कोणाचे गुडघे झिजलेले असतात. ही दुखणी बाहेरून दिसत नाहीत. जे दिसत नाही, ते नाहीच असे मानून आपण निवाडा देतो, हा मोठा अन्याय होय.

कोणी म्हणेल, "परंतु एखादा खोटेही बोलत असेल!" असेल, आणि रांग चुकविण्यासाठी जो अशी गाडी घेतो, तो गरजवंताचा विश्वास चोरतो. पण एक लबाड सापडावा म्हणून दहा दुबळ्यांस लाज आणणे, हा कोठला न्याय? माझे मत असे की, रांगेतील वेळ सर्वांस सारखा असावा. वाट मात्र सर्वांस सारखी असू शकत नाही.

ही स्कूटरही अशाच एका गरजेतून जन्मली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम नावाच्या गृहस्थाने 1968 साली आपल्या कुटुंबातील आजारी व्यक्तीसाठी अशी गाडी तयार केली आणि तिला 'अमिगो', म्हणजे मित्र, असे नाव दिले. त्याच देशात सॅन अँटोनिओ येथे 2010 साली उघडलेल्या एका क्रीडोद्यानात चाकांच्या खुर्चीसह बसता येईल असे झोके व चक्रे आहेत. आपणही मागे नाही. मद्रासच्या आय.आय.टी.त विकसित झालेले, चाकांच्या खुर्चीला पुढे जोडून तिची विजेवर चालणारी गाडी करणारे साधन 2021 पासून भारतात मिळू लागले आहे.

"थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला?" असाही प्रश्न येतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या. ही संख्या थोडी म्हणावी काय? शिवाय खर्च तरी किती? पायरीच्या जागी उतरण करावयाची, तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी लागते. तुमच्या वर्गाची पायरी 15 सेंटिमीटर उंच असेल, तर उतरण 180 सेंटिमीटर होईल. हिशेब करून पाहा. त्याच उतरणीवरून आजीबाई चालतील, बाळाची गाडी जाईल आणि हमालाचे ओझेही सुखाने सरकेल.

तोरण्यावर सडक न्यावी, असे मी म्हणत नाही. गडांचे कडे व तट हे इतिहासाचे धन आहे. ते फोडून वाट करू नये. काही वेगवान चक्रांत सुरक्षिततेसाठी सर्वांस बसू देता येत नाही, हेही मला मान्य आहे. परंतु जत्रेचे मैदान, बाग, देवळाचे आवार आणि आपली शाळा यांना तशी कोणतीही अडचण नाही. 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने करमणुकीत व सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे. जो हक्क आहे, त्यास उपकार म्हणू नये.

कायदा वाट रुंद करू शकेल. मन रुंद करणे आपल्याच हाती आहे. स्कूटरवर बसलेल्या माणसाशी बोलताना सोबत्यास न विचारता त्यालाच विचारावे. न विचारता त्याची गाडी ढकलू नये. तो उठून चालला, तर हसू नये. त्याने ती पावले कशासाठी राखून ठेवली होती, याचा विचार करावा.

पुढच्या सहलीची यादी करताना ज्याचे पाय अधू आहेत, त्याचे नाव प्रथम लिहा. मग त्याच्याजवळ जा आणि विचारा, "तुला यायचे आहे ना? काय सोय करू या?" 1988 साली हा प्रश्न विचारण्याचे मला सुचले नाही. तुम्ही तो विसरू नका.