कुणबिणींचा इतिहास विसरू नये



टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (1987) या कादंबरीवरील चर्चेत एका वाचकाने गुलामगिरीचे हे दुःख अमेरिकेचे, आपल्याकडे असे काही नव्हते, असे लिहिले आहे. ते मला मुळीच मान्य नाही. पेशवाईत कुणबिणी, बटकी म्हणजे दासी विकत घेतल्या जात, आंदण दिल्या जात; त्यांच्या लेकरांवरही धन्याचीच मालकी असे. कादंबरीतल्या सेथच्या घरातल्या तीन पिढ्यांची व्यथा याहून निराळी कुठे आहे? आणि अशी बांधिलकी पुरती सरलेली नाही: आमच्या हिंगोली जिल्ह्यातली जोडपी आजही उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला जातात. न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. कोयत्यात, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीत, निम्मे श्रम बाईचे, उचल मात्र नवऱ्याच्या हाती! कुणबिणींच्या पिढ्यांवर मराठीत कुणीतरी दमदार कादंबरी लिहावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)