थंडीतली सायकल

नोकरीची पहिली सहा वर्षं मी माझी सगळी गावं सायकलवरच फिरलो. पावसाळ्यात काळ्या रानातली माती मडगार्डात गच्च बसायची. काडीनं उकरायची, नाही तर सायकलच खांद्यावर घ्यायची. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. पण खरी सांभाळायची ती थंडीच.

रात्रीच्या गारठ्यानं चाकातली हवा आकसते. संध्याकाळी टणक असलेलं चाक सकाळी मऊ लागतं. लगेच ट्यूब काढायला बसू नका, आधी पंप मारून बघा. दुसरं, दवानं रिम ओली होते आणि ब्रेक उशिरा लागतो. निघाल्यावर दोनचारदा हलका ब्रेक दाबला, की रिम पुसून निघते.

हे मला हनुवटीला तीन टाके पडल्यावर कळलं. डिसेंबरातली पहाट, धुकं, आणि वाटेत उभी उसाची बैलगाडी. मागं ना कंदील, ना तांबडी काच. ब्रेक दाबला तरी मी उसात शिरलोच. म्हातारा गाडीवान धावत आला. "सायेब, मागनं कोण येतंय ते मला काय ठावं?"

त्याचं खोटं नव्हतं. आता ट्रॉल्या आल्या, पण लोंबता ऊस फळीवरचा रिफ्लेक्टर झाकून टाकतो. म्हणून चमकती पट्टी उसाच्या शेंड्यालाच बांधा. त्याच वेळी आपली पोरं शाळेला निघालेली असतात. त्यांच्या मागच्या मडगार्डावरची तांबडी काचही बघा. पुतणीच्या सायकलची मी कालच पुसली. पावसाळ्यातला चिखल तिच्यावर तसाच वाळलेला होता.