कोणते ट्रम्पवाले? कोणते डेमोक्रॅट?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून तेच भांडण चालू आहे. भारतासाठी ट्रम्प बरे की डेमोक्रॅट? ज्यांची मुलं तिकडे आहेत तेच सगळ्यात जोरात. मी स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ दे. हे दोन पक्ष एकसंध आहेत असं धरून चाललात तर फसाल.

डिसेंबर २०२४ आठवा. ट्रम्प यांची शपथ अजून व्हायची होती आणि एच-१बी व्हिसावरून त्यांच्याच घरात भांड्याला भांडं लागलं. मस्क आणि रामस्वामी म्हणत होते, बाहेरची हुशार माणसं हवीतच. स्टीव्ह बॅनन आणि 'मागा'वाले म्हणत होते, आमच्या पोरांच्या नोकऱ्या जातात. श्रीराम कृष्णन यांना एआय सल्लागार नेमलं तर त्यांच्यावर गरळ ओकणारे कोण होते? ट्रम्प यांचेच मतदार! ट्रम्प तेव्हा मस्कच्या बाजूने बोलले आणि आमच्या ग्रुपवर फुलं उधळली गेली.

नऊ महिन्यांनी, १९ सप्टेंबर २०२५ ला, त्याच ट्रम्प यांनी १ लाख डॉलरची फी लावली. आमच्या शेजारचा मुलगा घटस्थापनेला थांबणार होता. शनिवारी सकाळी बातमी वाचून मिळेल त्या विमानाने पळाला बिचारा. नंतर खुलासा आला की फी फक्त नव्या अर्जांना आहे. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

डेमोक्रॅटवाल्यांनी लगेच हसू नये. त्यांच्यासोबत बसणारे बर्नी सँडर्स जानेवारी २०२५ मध्ये म्हणालेच होते की कंपन्या हा व्हिसा स्वस्तात माणसं राबवायला वापरतात. म्हणजे या एका बाबतीत सँडर्स आणि बॅनन एकाच बाकावर. डेमोक्रॅट डर्बिन आणि रिपब्लिकन ग्रासली तर २००७ पासून मिळून हा व्हिसा आवळायचं विधेयक आणतायत.

तिकडे तिकीट हायकमांड वाटत नाही. प्रायमरीत पक्षाचेच मतदार उमेदवार ठरवतात, त्यामुळे खासदाराला विरोधकापेक्षा स्वतःच्याच मतदाराची धास्ती जास्त. नोव्हेंबरात ट्रम्प टीव्हीवर म्हणाले की बाहेरचं कौशल्य लागतंच, तर मार्जोरी टेलर ग्रीन हा व्हिसाच बंद करायचं विधेयक घेऊन निघाल्या. त्याही रिपब्लिकनच.

आता ग्रुपवर 'आपला माणूस' म्हणून पुढचा फोटो टाकाल, तेव्हा तो यातल्या कुठल्या गटाचा आहे तेवढं खाली लिहा. शेजारच्या काकू वाचतात.