मोहफुलास मोल केव्हां?

गेल्या हिवाळ्यांत कांहीं कामानिमित्त मुंबईस जाणें झालें. काळा घोडा, लोअर परळ, वांद्रें येथील द्राक्षमद्याचे बार आम्हीं पाहिले. प्यालों नाहीं, जुन्या कारकुनी संवयीनें दरपत्रक मात्र वाचलें. नाशिकच्या द्राक्षांचा एक पेला आमच्या मजुराच्या दिवसाच्या रोजाहून महाग!

हें आपोआप घडलें नाहीं. सन २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखून त्या धंद्यास सवलती दिल्या. चोरखमाऱ्याच्या बांधांवरही फाल्गुन-चैत्रांत मोहफुलांचा सडा पडतो. त्यांच्या वेचणीवरील व वाहतुकीवरील निर्बंध मात्र सन २०२१ मध्यें शिथिल झाले.

आम्ही मद्याचे कैवारी नव्हों. त्यानें बुडालेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु मोहफूल म्हणजे केवळ दारू नव्हे. त्याचे लाडू होतात, पाक होतो. ओलीं फुलें घाईनें व्यापाऱ्याच्या पदरांत टाकणें हाच आमचा खरा तोटा होय. याकरितां झाडाखालीं पाला जाळूं नये. त्यानें नागझिऱ्याच्या रानास वणवा लागतो. जाळी बांधून फुलें झेलावीं, स्वच्छ वाळवावीं, सहकारानें सांठवून भाव येतांच विकावीं. आणि झाड आपलें असलें तरी वेचणाऱ्या बाईचा वांटा आधीं काढावा, एवढीच बागाईतदार बंधूंस विनंति.