घरीं राहिलेलीं माणसें

दिवेलागणीनंतरचा एक तास आमच्या घरांत वाचनाचा असतो. हा नियम कोणीं घातला तें आतां आठवत नाहीं. पण तो मोडावा असें आजवर कोणास वाटलें नाहीं, एवढें खरें. नातवंडें अभ्यासाच्या निमित्तानें माडीवर जातात, सूनबाई स्वयंपाकघरांत कुकर चढविते, आणि मी माजघरांतल्या दिव्याखालीं पुस्तक घेऊन बसतों. मोठ्यानें वाचण्याची संवय शाळेपासूनची. पस्तीस वर्षें वर्गाला वाचून दाखविलें. सेवानिवृत्तीनंतर श्रोता एकच उरला, तो म्हणजे आमची सौभाग्यवती. ती समोर बसून देवाच्या वाती वळते. वळतां वळतां ती ऐकते कीं नाहीं, याविषयीं मला पुष्कळ वर्षें शंका होती. ती गेल्या चातुर्मासांत फिटली, आणि कशी फिटली तेंच आज वाचकांस सांगावयाचें आहे.

वाचावयास घेतलें होतें विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’. हें पुस्तक ठाऊक नाहीं असें सुशिक्षित मराठी घर विरळा. तरी तरुण वाचकांसाठीं दोन शब्द सांगतों. भटजी पेणजवळच्या वरसई गांवचे, भिक्षुकी करणारे, घर कर्जांत बुडालेलें. मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार, तेथें दक्षिणा चांगली मिळेल, असें कानीं आलें, म्हणून १८५७ सालीं चुलत्याबरोबर पायीं उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यांत जाऊन पडले. झांशीला वेढा पडला तेव्हां स्वारी शहरांतच होती. दक्षिणा मिळवावी, ती लुटली जावी, पुनः मिळवावी, असें चाललें. अखेर काशीयात्रा करून, गंगेचें पाणी खांद्यावरून वाहून आणून, कांहीं वर्षांनीं घरीं परतले आणि त्या पाण्यानें आईबापांस स्नान घातलें. पुढें १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनीं हें सारें मोडींत लिहून काढलें. वैद्यांनीं तें १९०७ सालीं छापलें, पण आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखिताप्रमाणें पुस्तक दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं काढलें. माझ्यापाशीं दोन्ही प्रती आहेत. वाचून दाखवावयास मला मूळचीच आवडते. तींत खुद्द भटजी बोलतात.

प्रवासवर्णन वाचतांना मी नकाशा उघडून बसतों, ही माझी जुनी खोड. गांव आलें कीं त्यावर बोट, नदी आली कीं तिच्यावर बोट. झांशीच्या वेढ्याचें प्रकरण आलें तेव्हां बोट झांशीवर होतें आणि आवाज, वर्गांत चढत असे तसा, चढला होता. तोंच समोरून प्रश्न आला :

“अहो, इतकी वर्षें त्यांच्या आईला काय ठाऊक होतें?”

मी चिडलोंच. म्हणालों, “अग, येथें तोफा सुटताहेत आणि तूं आई काय विचारतेस?”

“तोफा सुटताहेत हें भटजींना कळत तरी होतें,” ती म्हणाली. “तिला तेंही कळत नव्हतें.”

हातांतली वात पुरी करून तिनें ती तबकांत ठेवली, आणि दुसरा कापूस घेत म्हणाली, “सत्त्याऐंशी सालीं मला तरी कुठें कळत होतें?”

१९८७ च्या मे महिन्यांत आम्ही पांच शिक्षक मिळून काशी, प्रयाग आणि अयोध्या करून आलों होतों. चोवीस दिवस. माझ्या आयुष्यांतला तो सर्वांत मोठा प्रवास, आणि त्याच्या हकीकती मीं आजवर किती जणांना सांगितल्या असतील याची गणती नाहीं. त्या चोवीस दिवसांत मीं घरीं एकही पत्र धाडलें नाहीं. परतल्यावर सगळें सांगायचेंच आहे, मग कार्डावर काय लिहायचें, असें मनांत आल्याचें मला स्पष्ट आठवतें.

थोरला तेव्हां दीड वर्षाचा होता. मी निघाल्यावर चौथ्या दिवशीं त्याला ताप भरला. विषमज्वर निघाला. नऊ दिवस ताप उतरला नाहीं. एका रात्रीं तो डोळेच उघडीना, तेव्हां वडिलांनीं त्याला खांद्यावर टाकून दवाखाना गांठला. ही मागून अनवाणी धांवत गेली. मला कळवावें असें आईला वाटलें होतें, पण मी कुठल्या गांवीं, कुठल्या धर्मशाळेंत आहें हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. मी आलों त्या दिवशीं मूल अंगणांत बसून खेळत होतें. आई म्हणाली, “मध्यें थोडा तापला होता.” मूल वाळलेलें दिसलें खरें, मीं तें उन्हाळ्यावर घातलें आणि पेटींतून गंगेचा गडू काढून दाखवूं लागलों.

हें सारें तिनें अडतीस वर्षांनीं सांगितलें, आणि तेंही वाती वळतां वळतां. आवाजांत राग नव्हता. राग असता तर मला कांहीं उत्तर देतां आलें असतें. “तेव्हांच कां नाहीं सांगितलेंस?” असें विचारलें, तर म्हणाली, “तुम्ही फार आनंदांत होतां.” तेवढ्यांत कुकरची शिटी झाली आणि ती उठून गेली.

त्या प्रवासाची माझी टिपणवही कपाटांत जपून ठेवलेली आहे. घरची मंडळी निजल्यावर मीं ती काढली आणि तो दवाखान्याचा दिवस बोटांवर मोजून काढला. त्या तारखेखालीं माझ्याच वळणदार अक्षरांत लिहिलें आहे : सारनाथ पाहिलें, अशोकस्तंभाचें सिंहशीर्ष, उंची सुमारें सात फूट, झिलई आरशासारखी, परततांना लस्सी प्यालों, उत्तम. वहींतला मजकूर खरा आहे. सिंहशीर्ष आजही तेथल्या संग्रहालयांत आहे आणि त्याची झिलई तशीच आहे. पण ‘उत्तम’ या शब्दावरून माझी नजर कितीतरी वेळ हलली नाहीं.

आणखी एक गोष्ट त्या रात्रीं आठवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. संस्कृतच्या तासाला मेघदूत शिकवितांना मी फळ्यावर नकाशा काढीत असें. मेघ रामगिरीहून निघाला, रेवा ओलांडून विदिशेस गेला, वाट वांकडी करून उज्जयिनीस गेला, असें मुलांकडून घोकून घेत असें. पूर्वमेघाला महिना लागे. मग उत्तरमेघ ‘घरीं वाचा’ म्हणून सोडून देत असें. आतां तो काढून वाचला. अलकेचें वर्णन सरलें कीं उरलेलें जवळजवळ सारें काव्य कालिदासानें घरीं राहिलेल्या बाईला दिलें आहे. ती विरहाचे उरलेले महिने मोजण्यासाठीं उंबरठ्यावरचीं फुलें जमिनीवर मांडते. यक्षाला हें दिसत नाहीं. ती असें करीत असेल, अशी तो कल्पना करतो. निदान कल्पना तरी करतो. मीं काशींत तेवढेंही केलें नव्हतें.

पुस्तक मग पुढें वाचलें. गंगेच्या स्नानाचा प्रसंग आला तेव्हां तिनें वाती बाजूला ठेवल्या होत्या. वाचून संपल्यावर विचारलें, “वरसई लांब आहे का हो?”

“पेणपासून जवळच आहे.”

“मग त्या माउलीचें गांव एकदां पाहूं.”

माझ्या लेखीं तें भटजींचें गांव होतें. कार्तिकांत आम्ही दोघे स्वारगेटहून एस्‌. टी.नें निघालों. खिडकीची जागा आजवर माझी. मार्ग नीट पाहतां यावा हें त्याचें कारण मी देत असें. या खेपेस तिला तेथें बसविलें. बोरघाटांत आगगाडीची वाट दिसली, तेव्हां माझ्यांतला शिक्षक जागा झालाच : या घाटांतून गाडी सुरू झाली १८६३ सालीं, म्हणजे भटजी परत आल्यानंतर. ती “हो का” म्हणाली आणि बाहेरच पाहत राहिली. तिला दरींतलीं सोनकीचीं फुलें दिसलीं. मला तीं त्या घाटांत आजवर कधीं दिसलीं नव्हतीं.

वरसईस फार कांहीं पाहिलें नाहीं. भातें कापून झालीं होतीं, खळ्यांतून पेंढ्याचा वास येत होता. कोणतें घर कोणाचें, हा शोध करावयास मी आलों होतों, पण तिनें तें करूं दिलें नाहीं. देवळाच्या पायरीवर बसून ती गांवांत येणाऱ्या वाटेकडे पाहत होती. “इथूनच बघत असेल,” एवढेंच म्हणाली. मी शेजारीं बसलों. विनोबांचें गागोदें याच पेण तालुक्यांतलें. १९५१ पासून भूदानासाठीं तो माणूसही वर्षानुवर्षें पायींच फिरला. या मातीला चालण्याचीच खोड दिसते, असें कांहींसें मीं बोललों असेन. तिनें ऐकलें असावें.

रात्रीं पेणेस एका जुन्या विद्यार्थ्याकडे मुक्काम केला. सकाळीं गणपतींच्या कारखान्यांसमोरून हिंडलों, पोह्याचे पापड घेतले. मग तिनें पोस्ट कुठें आहे तें विचारलें. नातवाचा दूरध्वनि तोंवर तीन वेळां येऊन गेला होता, आम्ही खुशाल असल्याचें घरीं सर्वांस ठाऊक होतें. तरी तिला कार्ड पाहिजे होतें. पन्नास पैशांना एक कार्ड. रुपया दिला, दोन घेतलीं.

आम्ही घरीं आल्यावर चौथ्या दिवशीं तें कार्ड आलें. नातवानें माजघरांत उभें राहून, माझी नक्कल करीत, मोठ्यानें वाचलें : “सुखरूप पोहोंचलों. गांव चांगलें आहे. यांनीं खिडकीची जागा मला दिली. काळजी नसावी.”

दुसरें कार्ड माझ्या सदऱ्याच्या खिशांत आहे. पुढल्या महिन्यांत मला एकट्यालाच चार दिवस नागपुराकडे जावयाचें आहे, रामटेक पाहावें असेंही मनांत आहे. कार्डावर आमच्या घरचा पत्ता तिनें आधींच घालून ठेवला आहे.