नाव सोलापूरचे, वीण कोणाची?

मागच्या वर्षी एका तीर्थक्षेत्राच्या बाजारपेठेतून मी एक चादर विकत घेतली. पट्टीवर 'अस्सल सोलापुरी' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. किंमत मात्र शंका यावी इतकी कमी होती. मोह आवरला नाही आणि शंका गिळली. तीन धुण्यांत चादरीवर बारीक गोळ्या धरल्या. यंत्रमागावर उभे आयुष्य घालविलेल्या एका सोलापूरकर स्नेह्यांनी तिच्या कडेचा धागा ओढून त्याला काडी लावली. सुती धाग्याची जळून राख होते. हा वितळला आणि त्याची कडक काळी गुठळी झाली. "हिला सोलापुरी म्हणू नका," एवढेच ते बोलले. त्या तीन-चार शब्दांतील व्यथा आपल्या समाजाच्या कानी पडलेलीच नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सोलापूरचे नाव कुणा जाहिरातदाराने मोठे केलेले नाही. तेलंगणातून येथे येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांनी, गिरणीच्या भोंग्यावर जगलेल्या कामगारांनी आणि जकार्डच्या मागावर मोर-वेलबुट्टी उठविणाऱ्या कारागिरांनी ते पिढ्यानपिढ्या घडविले आहे. जुनी गिरणी केव्हाच बंद पडली, तरी पूर्व भागातील माग चालत राहिले. याच शहराने मे १९३० मध्ये इंग्रजांचा लष्करी कायदा सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चार सुपुत्र येरवड्याच्या फाशीघरात गमावले. अशा शहराचे नाव कुणीही उचलावे आणि कोणत्याही कापडावर चिकटवावे, इतके ते स्वस्त आहे काय?

कायदा म्हणतो, नाही. वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. व्यापारचिन्ह एका मालकाचे असते. तो ते विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो. भौगोलिक मानांकन हे त्या भूमीत ती वस्तू घडविणाऱ्या साऱ्यांचे सामायिक धन असते. ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आपल्या परंपरेला मालमत्तेची ही कल्पना किती जवळची आहे! दार्जिलिंग चहा हे देशातील पहिले नोंदणीकृत मानांकन. पाठोपाठ २००५-०६ च्या सुमारास सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची नोंदणी झाली. महाराष्ट्रात हा मान पहिल्यांदा मिळविणाऱ्यांत सोलापूर होते. खोटे मानांकन लावून माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास निबंधकांचे मत घेऊन माल जप्त करता येतो.

मग शस्त्र हाती असताना हात का उचलला जात नाही? कारण आपला स्वाभिमान परकीय दिसल्याखेरीज जागा होत नाही. १९९७ साली अमेरिकेतील राईसटेक कंपनीने बासमतीवर पेटंट मिळविले तेव्हा देश पेटून उठला. तो उठायलाच हवा होता. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या सोहळ्यात कोल्हापुरी वळणाची पायताणे मिरविली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा महाराष्ट्र खवळला. प्राडाला उगम मान्य करावा लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करावा लागला. पण त्या प्रकरणातील एक धडा आपण विसरतो. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत धारकाने मागावी, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ज्याचे नाव, त्यानेच उभे राहायचे! हे सोलापूरला परके नाही. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आहेत, त्यांत सोलापूरही आहे.

प्राडाने निदान नाव चोरले नाही, घाट चोरला. आमच्या बाजारात मात्र नावच चोरले जाते, तेही आमच्याच देशबांधवांकडून, आणि त्याबद्दल एकही मोर्चा निघत नाही. कुणी म्हणेल, बाहेरून येणारा माल पानिपतचा असला तरी तो भारतातलाच ना? मग स्वदेशीला बाधा कोठे आली? हा युक्तिवाद लबाडीचा आहे. पानिपतच्या विणकराशी आपले वैर नाही. त्याने आपली चादर पानिपतच्या नावाने विकावी. आपण तिचे कौतुक करू. स्वदेशी म्हणजे एका बांधवाच्या घामावर दुसऱ्याने आपली पट्टी चिकटविणे नव्हे. गरीब ग्राहकाला स्वस्त माल हवा, हेही मान्य. पण स्वस्त मालासाठी खोटे नाव कशाला? उलट, फसतो तो गरीबच. दहा वर्षे टिकेल म्हणून घेतलेली चादर त्याला दुसऱ्याच वर्षी पायपुसणे करावी लागते.

आणि आता थोडे कटू बोलू. सोलापुरातच विणलेली, पण सुतात भेसळ केलेली चादर बाहेरच्या चादरीइतकीच खोटी आहे. आपल्याच नावाशी आपण प्रतारणा करायची आणि परक्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवायचे, हे शोभत नाही. मानांकनाचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगण्यासाठी नसते. प्रत्येक प्रामाणिक यंत्रमागधारकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद केली पाहिजे, धारक संघटनेने बाजारांवर लक्ष ठेवले पाहिजे आणि प्रसंगी न्यायालयाची पायरी चढली पाहिजे. भारतीय चहा मंडळ दार्जिलिंगच्या नावासाठी जगभर पहारा ठेवते. सोलापूरला निदान शेजारच्या जिल्ह्यांच्या बाजारांवर तरी तो ठेवता येऊ नये?

शेवटी प्रश्न आपल्यापाशी येतो. लग्नाचा आहेर, संस्थांचे सत्कार, वसतिगृहांची खरेदी यांत चादर हमखास असते. ती घेताना उत्पादकाचे नाव विचारावे, मानांकनाचे चिन्ह पाहावे, पावतीवर 'सोलापुरी' असे लिहून घ्यावे. दुकानदार लिहून देण्यास कचरला, की उत्तर मिळालेच. स्वदेशीचे व्रत घोषणेने सुरू होत असेल, पण ते पाळले जाते गल्ल्यापाशी. त्या दिवशी स्वस्ताईच्या मोहात तेथे मी चुकलो. आपण चुकू नये.